कटाईचं निमित्त

माझी बोटं सकाळी अजून आखडलेलीच असतात. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून जरा वेळ बसावं लागतं, मग ती पेन धरायला तयार होतात. त्यामुळे हे सगळं तुकड्यातुकड्यानं लिहिलं गेलं आहे. आमवात झालेल्यांसाठी हे आहेच. पण त्याहून जास्त हे त्यांच्यासाठी आहे, ज्यांना डॉक्टर एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत यायला सांगतील आणि जे ती मध्येच सोडून देतील. मी सोडली. सोडल्याचं मला वाईट वाटत नाही. काय सांगून सोडली याचं वाटतं, आणि ते भाकरी थापतानाही वाटतं.

माझं नाव सुनंदा. माहेर रावेरचं, तिथेच बारावीपर्यंत शिकले. लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले. बुऱ्हाणपूर आम्हाला मोटरसायकलवर जवळच पडतं. घरात आम्ही दोघं, धाकटे दीर आणि त्यांची बायको मंगला. मुलं शिकायला बाहेर आहेत. केळीची बाग दोघा भावांची एकत्र आहे, आणि स्वयंपाकघर मी आजारी पडेपर्यंत माझ्या हुकमाखाली होतं. मला सल्ले द्यायची फार सवय. कुणी विचारलं तर देतेच, न विचारणाऱ्यालाही देते. मंगला म्हणते, तुमच्या सल्ल्याला पाय आहेत, तो आपणच चालत येतो. ही सवय पुढे कामाला येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

*

सुरुवात बोटांपासून झाली. हिवाळ्यात एका सकाळी ब्लाउजचे हुक लागेनात. थंडीनं असेल म्हणून शेकोटीला हात धरले. मग भाकरी थापताना हात परातीवर पडायचा, पण पीठ पसरायचं नाही. एकदा चहाचा कप हातातून सुटला, आणि मंगलानं फडकं आणलं. त्या दिवसापासून तिनं एकेक काम माझ्या हातातून काढून घेतलं. ती कधी काही बोलली नाही. भांडी मात्र जरा जोरात ठेवायची, आणि मी ओट्याजवळ खुर्चीत बसून ती ऐकायचे. धडधाकट दिसणारी बाई नुसती बसून खाते, हे तिच्या मनात येत असेल असं मला वाटायचं. तिच्या नसेल आलं, पण माझ्या तरी रोज यायचं.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सांध्यांचे एक डॉक्टर इंदूरहून ठरलेल्या दिवशी येतात. त्यांनी माझं एकेक बोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि पुढच्या खेपेला आजाराचं नाव सांगितलं. हा जन्मभर सांभाळावा लागतो, पण सांभाळता येतो, असं ते म्हणाले. मी विचारलं, भाकरी करता येईल ना? ते हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी हसू आवरलं आणि म्हणाले की तेवढ्यासाठीच तर आपण औषध घेणार आहोत. त्यांचं ते ‘आपण’ मला फार आवडलं.

परतताना यांनी इतवाऱ्याच्या बाजारात गाडी थांबवली आणि मावा जलेबी घेतली. काय बोलावं ते सुचलं नाही की हे मावा जलेबी घेतात, लग्नापासूनची रीत आहे. तिथेच दुकानाच्या फळीवर बसून त्यांनी जलेबीचे बारीक तुकडे केले आणि एकेक माझ्या हातावर ठेवला. मला चिमटीत काही धरता येत नाही हे त्यांना न सांगता कळलेलं होतं. मी रडले ते आजाराचं नाव ऐकून नाही, त्या तुकड्यांमुळे रडले.

*

चाचणीचं डॉक्टरांनीच सुचवलं. सांध्यांवर एक नवी गोळी निघाली आहे. काही जणांना ती मिळेल, काहींना नेहमीची जुनी गोळी मिळेल. डब्या दिसायला सारख्याच. कुणाला कोणती, हे पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. वर्षभर ठरल्या दिवशी यायचं, रक्त द्यायचं, मुठी वळून दाखवायच्या आणि काही त्रास झाला तर सांगायचा.

नेहा म्हणून एक मुलगी हे सगळं सांभाळते. तिनं आम्हा दोघांना समोर बसवून सगळ्या अटी वाचून दाखवल्या. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण ते मी नंतर पुष्कळदा मनातल्या मनात ऐकलं. ती म्हणाली, “दीदी, आप कभी भी छोड़ सकती हैं. वजह बताना ज़रूरी नहीं है. पर बता देंगी तो वो भी हमारे काम आएगी.”

मी मान हलवली. सोडायचं कशाला, असं तेव्हा वाटलं. यांनी त्यातून वेगळंच काहीतरी उचललं. आमच्याकडे केळीच्या कटाईला, म्हणजे घड कापायला, टोळी येते. टोळीतल्या एखाद्याला जमलं नाही तर तो आपल्या घरचं दुसरं माणूस पाठवतो, म्हणजे गाडी वेळेवर भरते आणि बाकीच्यांवर बोजा पडत नाही. डॉक्टरांनाही माणसं पुरी लागतात, मध्ये कमी पडून चालत नाही, एवढं यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

*

हॉस्पिटलच्या दिवसाची मला हळूहळू गोडी लागली, हे सांगायला संकोच वाटतो. सकाळी लवकर निघायचं, उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग कँटीनचे पोहे खायचे आणि बाकावर बसून नंबरची वाट पाहायची. घरी मी आजारी होते. त्या बाकावर सगळेच आजारी, त्यामुळे तिथे मी नुसती सुनंदा असायचे.

त्या बाकावरच काशिनाथभाऊ भेटले. घर चांदनीला, नोकरी कागद कारखान्यात झाली, आता निवृत्त. वडील महाराष्ट्रातून कामासाठी आले ते इथलेच झाले. गुडघे आणि मनगटं सुजलेली, तरी कपडे कडक इस्त्रीचे. ते रेल्वेनं यायचे आणि गाडी किती उशिरा आली ते आल्या आल्या सगळ्यांना सांगायचे. आमचा नंबर नेहमी मागेपुढे लागायचा. मुठी कुणाच्या जास्त वळतात यावरून आम्ही एकमेकांना चिडवायचो.

आणि माझ्या मुठी वळायला लागल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास मी पहिली भाकरी केली. ती इतकी वाकडी झाली की मंगलाला हसू आवरेना, पण यांनी ती पुरणपोळी बाजूला सारून खाल्ली. पुढच्या खेपेला डॉक्टरांना मूठ करून दाखवली तेव्हा ते खुर्चीवरून उठले. नेहाला हाक मारून म्हणाले, बघा, ताईंची मूठ बघा. आपल्या माणसाला बरं वाटलं म्हणून इतका आनंद झालेला डॉक्टर मी पाहिला नव्हता. तो आनंद पुढे मला फार जड गेला.

*

आता जे सांगायचं आहे ते यांनाही मी फार उशिरा सांगितलं.

पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत मला लघवी आवरेनाशी झाली. आधी शिंकताना, मग उठताना, मग कधीही. वय झालं असेल असं समजून गप्प राहिले. एकदा इतवाऱ्यात कापडाच्या दुकानात मंगलाबरोबर उभी होते. दुकानदार थान उलगडून दाखवत होता आणि मला कळलं की साडी ओली झाली. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्यायचं सोंग केलं आणि ती स्वतःच्या अंगावर सांडली. मग मोठ्यानं हळहळले, की बाई, हातात काही धरवतच नाही. दुकानदारानं बिचाऱ्यानं बसायला स्टूल दिलं. मंगला माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या डोक्यात गोळीचा संशय आला होता. गोळी सकाळी घ्यायचे आणि दुपारी त्रास वाढायचा. मग सांगितलं का नाही? शेजारी हे बसलेले, समोर पुरुष डॉक्टर, नेहा माझ्या मुलीच्या वयाची, ही सगळी कारणं होती. पण खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरात वाढलेल्या जेवणाला नावं ठेवत नाहीत. खारट झालं तरी ‘पोट भरलं’ म्हणून उठायचं, ही आम्हाला लहानपणापासून शिकवण. ज्या माणसानं माझी मूठ वळली म्हणून खुर्ची सोडली, त्याच्या तोंडावर ‘तुमच्या औषधानं मला हे झालं’ म्हणायला जीभ रेटेना. ते दर वेळी विचारायचे, काही त्रास? मी दर वेळी म्हणायचे, काही नाही, छान आहे.

उपाय मी माझा मीच काढला. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी प्यायचं नाही. डोकं दुखायचं, तोंड कोरडं पडायचं, पण साडी कोरडी राहायची.

*

काशिनाथभाऊंच्या मांडीवर घडी केलेला टॉवेल दिसायला लागला तेव्हा मी ओळखलं. ते बाकाच्या अगदी कडेला बसायचे आणि पुन्हा पुन्हा उठायचे. चिडवणं बंद झालं होतं. एकदा हे पोहे आणायला गेले असताना ते माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलावं तसे बोलले.

“ताई, तुम्हाले पाण्याचा काही तरास होऊ राह्यला का?”

तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं की हो, होतो, चला दोघं मिळून डॉक्टरांना सांगू. त्याऐवजी माझा सल्ला आपल्या पायांनी चालत गेला.

“निघायच्या दिवशी पाणी घ्यायचंच नाही भाऊ,” मी म्हणाले. “मी तसंच करते. काही होत नाही.”

त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्यासारखी मान डोलावली. मला तर बरंच वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडले, असं वाटलं. उन्हाळा तापायला लागला होता आणि ते चांदनीहून रेल्वेनं यायचे, याचा मी विचारच केला नाही.

*

पुढच्या तारखेला मी गेले नाही. घरात पाहुण्यांसमोर फजिती झाली होती आणि मी गोळ्या बंद केल्या होत्या. नेहाचा फोन आला. मी सांगितलं, आमच्याकडे केळीची कटाई चालू आहे, घरात माणूस नाही, आता जमायचं नाही. कटाई खरंच चालू होती, पण मी बागेत पायही टाकत नव्हते. नेहानं ठीक है दीदी म्हणून फोन ठेवला, आणि मला शाळेतून पळून आल्यासारखं हलकं वाटलं.

हे मात्र बेचैन झाले. डॉक्टरांचा माणूस कमी पडला, त्यांनी एवढं केलं आपल्यासाठी, असं दोन दिवस घोकत राहिले. माझे हात बरे असताना मी का जात नाही, हे त्यांना कळेना, आणि मी सांगेना. शेवटी त्यांनी टोळीचा नियम लावला. मंगलाचे गुडघे दुखतातच, तिला पाठवू. मी नको म्हणायला हवं होतं. पण मलाही कुठेतरी वाटलं, की जागा भरली तर माझ्यावरचं ओझं उतरेल. मंगला नवी साडी नेसून माझ्या नंबरवर जाऊन बसली.

ती परत आली ती हसत आणि चिडत दोन्ही. ‘ताईच्या बदली आली’ असं तिनं सांगितल्यावर नेहाला इतकं हसू आलं की तिला पाणी प्यावं लागलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मंगलाला बसवलं, तिचे गुडघे खरोखर तपासले, आणि माझ्यासाठी निरोप दिला. चाचणीतली जागा दुसऱ्या माणसानं भरता येत नाही. ती रिकामीच ठेवायची असते, पण ती का रिकामी झाली ते कळलं तर फार उपयोग होतो.

मंगलानं निरोप सांगितला आणि मग तिनंच हळू विचारलं की त्या दिवशी दुकानात बाटली खरंच सांडली होती का. मी नाही म्हटलं. माझ्या साड्या त्या दिवसापासून तीच वेगळ्या धुवायला लागली, आणि भांडी जोरात ठेवणं बंद झालं.

*

गोळी सुटल्यावर पाण्याचा त्रास काही आठवड्यांत गेला. बोटं पुन्हा सुजली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत होत्या, त्यामुळे एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात आसू असा प्रकार होता. मग नेहाचा पुन्हा फोन आला. गोळी सोडली असली तरी शेवटच्या तपासणीला या, दीदी, तुमचे हात कसे आहेत तेवढं बघू द्या. सोडून गेलेल्या माणसालाही ते मोजतात, हे मला माहीत नव्हतं. हे म्हणाले, जाऊच.

बाकावर काशिनाथभाऊ नव्हते. मी नेहाला सहज विचारलं. ती म्हणाली, मागच्या वेळी येताना भाऊ रेल्वेतून उतरले आणि फलाटावरच चक्कर येऊन पडले. ऊन लागलं होतं. सलाईन लावून इथेच ठेवलं होतं त्यांना, किडनीवर ताण आला होता. आता बरे आहेत. पण चाचणी सोडली त्यांनी. “बेटी की शादी है बोले.”

मी जिथे उभी होते तिथेच बाकावर बसले. उन्हानं पडले असं सगळे समजत होते. त्यांनी सकाळपासून पाणी का प्यायलं नव्हतं हे त्या हॉस्पिटलात फक्त मला माहीत होतं, कारण ते मीच शिकवलं होतं.

डॉक्टरांनी माझी बोटं पाहिली. मूठ अर्धीच वळली. ते थकलेले दिसत होते. मग यांच्याकडे बघून म्हणाले, “आमच्याकडे औषधामुळे कुणीच सोडून जात नाही. कुणाची कटाई असते, कुणाचं लग्न असतं, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. उरलेल्यांकडे बघितलं तर औषध अगदी निर्दोष दिसतं.”

हे म्हणाले, तेही खरंच म्हणा. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बागेचंच विचारलं. नवीन जातीची रोपं लावली, त्यातली बरीच रोगानं गेली, उरलेल्यांना मोठे घड आले. मग जात चांगली म्हणाल का? हे लगेच म्हणाले, कसं म्हणणार, जेवढी लावली तेवढ्यांवर बघावं लागेल, आणि गेली ती कशानं गेली ते आधी. मग ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. बहुतेक तेव्हा त्यांना काहीतरी कळलं.

मी यांना म्हटलं, गाडी उन्हात आहे, जरा सावलीत लावून या. नेहाला मात्र थांब म्हटलं. आणि खाली बघून बोलले.

“कटाईमुळे नाही सोडली साहेब. तुमच्या गोळीनं मला लघवी धरवत नव्हती.”

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं की कधी सुरू झालं, दिवसातून कधी व्हायचं, गोळी बंद केल्यावर कधी थांबलं. नेहानं सगळं टिपून घेतलं आणि मध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे वर लगेच कळवावं लागेल, असं डॉक्टर तिला म्हणाले. मग मला म्हणाले की ताई, एका माणसाला झालं तर त्याला दहा कारणं असू शकतात. वय असतं, साखर असते, आणखी काहीही. गोळीला दोष द्यायला एक माणूस पुरत नाही. आणखी कुणाला झालं असेल, तर ते त्यांनी स्वतः येऊन सांगायला हवं.

भाऊंचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. ते मी गिळलं. स्वतःची लाज मी सांगू शकत होते, पण त्यांची सांगण्याचा मला हक्क नव्हता. त्यांना मी दिलेला सल्ला मात्र माझाच होता, आणि तोही मी त्या दिवशी सांगितला नाही. आधी भाऊंना सांगायचा होता.

घरी जाताना गाडीवर मागे बसून मी यांनाही सगळं सांगितलं, तेव्हा यांनी इतवाऱ्यात गाडी थांबवली. जलेबी घेऊन आले आणि तुकडे करता करता म्हणाले, मला सांगायचं होतंस. एवढंच म्हणाले. मी ती जलेबी खाल्ली.

*

तुम्ही कुणी अशा चाचणीत असाल तर मला तुम्हाला एकच सांगायचं आहे. हा सल्ला विचार करून देते आहे. नको वाटलं तर खुशाल सोडा, तुम्हाला कुणी बांधून ठेवत नाही. पण खोटं कारण ठेवून येऊ नका. कारण सांगायचं नसेल तर ‘सांगायचं नाही’ एवढं तरी सांगा. माझ्या कटाईनं औषधाला चांगलं म्हणवलं आणि माझ्या सल्ल्यानं एका माणसाला फलाटावर पाडलं. मला आता नेहमीची जुनी गोळी चालू आहे. तिनं बोटं पूर्वीइतकी वळत नाहीत, पण वळतात. त्या डबीत नवी गोळी होती की जुनी, हे मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या गावांतही हीच चाचणी चालू आहे, सगळीकडची संपली की कळेल म्हणतात. माझी नवीच असेल असं मी धरून चालले आहे, पण तेही धरून चालणंच आहे.

*

मी मंगलाला घेऊन रेल्वेनं चांदनीला गेले. भाऊंचं घर स्टेशनपासून लांब नाही, पण उन्हात तेवढंही चालताना मला त्यांचे सुजलेले गुडघे आठवत होते. त्यांच्या घरच्यांनी ओळख नसताना आत घेतलं, पंखा आमच्याकडे वळवला. भाऊ खाटेवर बसले होते. कपडे इस्त्रीचेच, पण सदरा अंगावर सैल झाला होता. वहिनींनी आम्हा सगळ्यांना पाणी दिलं. भाऊंनी आपला ग्लास हळूच खाटेखाली सरकवला. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे असंच करतेत बाई. औषध सुटलं, तरी पाणी पेतच नाहीत.”

मी वाटेत बरंच काही ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

“भाऊ, तुम्ही पडले ते माझ्यामुळे,” मी म्हटलं. “पाणी पिऊ नका म्हणून मीच सांगितलं होतं. आणि मी डॉक्टरांना खोटं सांगून पळून गेले. आता खरं सांगून आले. मला जे होत होतं ते सगळं सांगितलं. तुमचं नाव नाही घेतलं.”

वहिनी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं हे मला तेव्हा कळलं, आणि आपण आणखी एक घोळ करून ठेवला असं वाटलं. विषय बदलावा म्हणून मी वहिनींना विचारलं, की मुलीच्या लग्नाची तयारी कुठवर आली.

“कोणाच्या पोरीचं?” वहिनी म्हणाल्या. “आमाले तं दोनी पोरंच हायेत.”

भाऊंनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळेना की ते रडताहेत की हसताहेत. दोन्ही होतं. मंगलानं पदर तोंडाला लावला.

“तुमी कटाई सांगितली, असं मले हास्पिटलात कळलं,” भाऊ म्हणाले. “आपल्याकडे ना बाग, ना कटाई. मंग काय सांगू? लगन म्हटलं का मांगून कोणी काही विचारत नाही.”

त्यांनी डोळे पुसले. मग विचारलं, “डॉक्टर हासले का?”

“नाही भाऊ. ते हसत नाहीत.”

“अन् ती पोरगी?”

“तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.”

त्यांनी खाटेखाली वाकून ग्लास काढला. दोन्ही हातांनी धरला. सगळं पाणी प्यायले आणि रिकामा ग्लास वहिनींपुढे केला.

“अजून दे,” ते म्हणाले. “अन् उद्याची गाडी कितीले हाये ते पाहाय.”